नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे

वडिलांच्या निधनानंतर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नामनिर्देशित मुलाचे नाव चढवले, की घर विकण्याचा अधिकार त्याला मिळाला, असा समज सर्रास आढळतो. कायद्याला तो मान्य नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार, वारसांना सभासदत्व मिळेपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद असते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, विवाहित-अविवाहित मुली आणि मृताची आई हयात असल्यास तीही समान वाटेकरी ठरतात. विक्रीसाठी या सर्वांनी खरेदीखतावर सह्या कराव्या लागतात. अथवा इतरांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्राने एकाच्या नावे हक्क सोडावा लागतो. वारस अज्ञान असल्यास त्याचा हिस्सा विकण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. वारस कोण, याचा पुरावा हवा असल्यास १८२७ च्या मुंबई विनियम ८ अन्वये दिवाणी न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र मिळते.

एका बहिणीची सही राहिली, तरी तिचा हिस्सा खरेदीदाराकडे जात नाही. व्यवहारानंतरही ती न्यायालयात दाद मागू शकते.