हौदावरचे तीन पहारेकरी



रात्रीच्या पाळीची वीज आली की बॅटरी घेऊन हौदावर जायचे, काठी बुडवून पाणी किती ते पाहायचे आणि मगच पंप सुरू करायचा, हा आपणा सर्वांचा परिपाठ. अंधारात विंचू-काट्याची भीती असतेच. हा हेलपाटा वाचावा म्हणून आम्ही घरी एक प्रयोग केला. त्यात एकदा चांगलेच तोंडघशी पडलो. तो अनुभव जसा आला तसा देत आहोत.

आमच्या हौदाला तीन खण आहेत. पहिल्यात विहिरीचे पाणी, मधल्यात बोअरचे मचूळ पाणी. तिसऱ्यात दोन्ही मिसळतात आणि तेथून ठिबकाचा पंप उचलतो. हौदावर आडवी लोखंडी पट्टी टाकून प्रत्येक खणावर एक सेन्सर बसवला. हा सेन्सर बाजारात एचसी-एसआर०४ या नावाने मिळतो. दिसायला दोन डोळ्यांची छोटी पट्टी. एक डोळा आवाज सोडतो, दुसरा ऐकतो. आवाज ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानाला न कळणारा. विहिरीत हाक मारली की ती घुमून परत येते, तसाच हा आवाज पाण्यावर आपटून परत येतो. जाऊन येण्यास लागलेल्या दर ५८ मायक्रोसेकंदांना १ सेंटिमीटर, असा अंतराचा हिशेब. मजल २ सेंटिमीटरपासून सुमारे ४ मीटरपर्यंत. खोल विहिरीला तो पुरणार नाही, हौदाला पुरतो.

हिशेब करायला आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड घेतला. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्ह्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी झाला. त्यामुळे डिप्लोमाला असलेल्या आमच्या पुतण्याला तो लगेच जमला.

जोडणी अवघड नाही. सेन्सरला चार पिना. तिन्हींच्या ५ व्होल्टच्या पिना एकत्र, ग्राउंडच्या एकत्र. राहिल्या दोन: आवाज सोडण्याचा हुकूम घेणारी ‘ट्रिगर’ आणि प्रतिध्वनीची वर्दी देणारी ‘इको’. या प्रत्येक सेन्सरच्या वेगळ्या जोडाव्यात. म्हणजे तिघांना सहा पिना झाल्या. बोर्डावर १४ डिजिटल पिना असतात. त्यातल्या ० आणि १ संगणकाशी बोलण्यासाठी सोडल्या तरी सहा सेन्सर बसतात.

इथंच आमचा शहाणपणा नडला. वायर वाचवायला आम्ही तिन्ही ट्रिगर एकाच पिनेला जोडले. सगळे खण भरलेले होते तोवर काही कळले नाही. मग एका रात्री घरातल्या पडद्यावर तिसरा खण निम्मा भरलेला दिसला. आम्ही अंथरुणातूनच मोबाइल स्टार्टरवर पंप सुरू केला. खण कोरडा होता. मोटार जळाली. रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत ऐन मे महिन्यात उसाला थेंब नाही. सुरळी झालेली पाने बघून घरात कोणी धड जेवलं नाही.

चूक अशी होती. तिघांनी एकदम हाक मारली. भरलेल्या खणावरून आलेला प्रतिध्वनी जवळचा, म्हणून आधी आला. तिसऱ्या सेन्सरने शेजाऱ्याचाच आवाज आपला समजून घेतला. जो आवाज आधी येईल तो खरा, एवढंच त्याला कळतं.

उपाय आपल्या ओळखीचा आहे: पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावणे. आता प्रत्येक ट्रिगरला वेगळी पिन दिली आहे. एकाने हाक मारली की बाकीचे गप्प बसतात, आणि ६० मिलिसेकंदांनी पुढच्याची पाळी येते. प्रतिध्वनी आलाच नाही तर ३० मिलिसेकंद थांबून पुढे जायचे, नाहीतर एकामुळे बाकीचे खोळंबतात. प्रत्येक खण पाच वेळा मोजून मधला आकडा धरायचा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असलेला वेग ४० अंशांना ३५५ होतो. दोन मीटरला सहा-सात सेंटिमीटरचा फरक पडतो. साधा सेन्सर दमट हवेत टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर घ्यावा. मात्र त्याला जवळचे दिसत नाही, म्हणून भरलेल्या पाण्यापासून फूटभर वर बसवावा. सेन्सरच्या वायरी मोटारीच्या केबलपासून लांब ठेवाव्यात. बोर्ड थेट मोटारीला कदापि जोडू नये. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. स्टार्टरमध्ये कोरडा पंप बंद करणारे संरक्षण वेगळे असावेच.

रात्रीचा हेलपाटा आता वाचला आहे. तरीपण दर आठवड्याला दिवसाउजेडी आम्ही काठी बुडवून पडद्यावरच्या आकड्याशी ताळा घेतो. काठी अजून हौदाशेजारीच उभी आहे. ती टाकून देऊ नये, एवढीच विनंती.