जुन्या एम. जी. मोटारीस नवा गिअरबॉक्स

वऱ्हाडांतील शेलूबाजार हें गांव दोन रस्त्यांच्या छेदावर आहे. एक रस्ता अकोल्याकडून मंगरूळपीरला जातो. दुसरा नागपुराहून कारंजा, मालेगांव, मेहकर या वाटेनें मुंबईकडे जातो. बाजारांतून मोटार हांकणारास पावलोपावलीं गिअर बदलावा लागतो. परंतु आतां गांवाजवळूनच समृद्धि महामार्गही गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्यें त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला, आणि जून २०२५ मध्यें ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाला. तेथें सपाटीवर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे.

ज्या घरांत एखादी जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी आजोबांपासून चालत आली आहे, त्या घरांत या नव्या रस्त्यानें एक वाद उभा केला आहे. मुलें म्हणतात, गिअरबॉक्स बदलावा. वडील म्हणतात, मूळ वस्तूस हात लावूं नये. आम्हांस दोघांचेंही म्हणणें पटतें.

एम. जी. कंपनीची टी. सी. गाडी घ्या. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें १०,००० गाड्या तयार झाल्या. एंजिन १,२५० घनसेंटिमीटरचें, चाकें १९ इंची, गिअर चार. चौथ्या गिअरमध्यें ताशीं ६० मैल, म्हणजे सुमारें ९६ किलोमीटर, वेग ठेवला तर एंजिनास मिनिटाला सुमारें ३,८०० फेरे घ्यावे लागतात. बाजाररस्त्यावर हें क्वचितच घडतें. महामार्गावर तें तासन्‌तास घडतें, आणि म्हाताऱ्या एंजिनाचा जीव कासावीस होतो. म्हणून हल्लीं फोर्डच्या सिएरा गाडीचा पांच गिअरांचा गिअरबॉक्स अशा गाड्यांस बसवितात. त्याच्या पांचव्या गिअरचें प्रमाण ०.८२ असल्यामुळें त्याच वेगाला फेरे ३,१०० च्या आसपास येतात.

काम दिसावयास सोपें आहे. आसनें व तळाच्या फळ्या काढल्या कीं गिअरबॉक्स समोर दिसूं लागतो. तेल काढून घ्यावें, मागील चाकांकडे जाणारा दांडा सोडवावा, आणि खालचा आडवा आधार काढण्यापूर्वीं एंजिनाखालीं लांकडी फळी ठेवून जॅक लावावा. मग जुना गिअरबॉक्स सरळ मागें सरकतो.

खरी कसोटी नवा आंत घालतांना लागते. गिअरबॉक्सच्या पुढल्या दांड्यावर लांबट खांचा असतात; तो क्लचच्या प्लेटमधून पार जाऊन त्याचें टोंक एंजिनाच्या दांड्यांतील बुशांत बसावें लागतें. प्लेट केसभर जरी बाजूला असली, तरी टोंक आंत शिरत नाहीं. यासाठीं प्लेट आवळण्यापूर्वींच त्याच मापाचा खोटा दांडा मधोमध घालून ती नेमकी मध्यावर आणतात. पुढें खांचांशीं खांचा जुळत नसल्यास गाडी गिअरमध्यें घालून मागचा दांडा हातानें हळूहळू फिरवावा, क्षणांत जुळतात. येथें घाई नडते. गिअरबॉक्सचें सारें ओझें त्या दांड्यावर लटकूं दिलें, किंवा बोल्ट आवळून तो जबरदस्तीनें ओढला, तर प्लेट वांकते आणि क्लच नीट सुटत नाहीं. मग सर्व काम पुन्हा उलगडावें लागतें. जात्याच्या खुंट्यावर वरची तळी बसविणाऱ्या बायकांस ही युक्ति कोणीं शिकवावयास नको.

नव्या गिअरबॉक्सबरोबर जोडणीचें कवच, योग्य खांचांची प्लेट आणि नव्या लांबीचा मागचा दांडा लागतो. वेगमापकही पुन्हा जुळवावा लागतो. या खर्चाचा हिशेब आधींच करावा.

आमचा कौल असा: ज्यांना गाडी चालवावयाची आहे, त्यांनीं गिअरबॉक्स जरूर बदलावा, पण चेसिस कापूं नये, नवीं भोंकें पाडूं नयेत. पांचवा गिअर आला म्हणून ब्रेक कांहीं सुधारत नाहींत. ते जुन्या ड्रम पद्धतीचेच आहेत, आणि गाडीचा अंगचा सांगाडा अद्याप लांकडीच आहे. १२० ची मुभा तिच्यासाठीं नव्हे. काढलेला मूळ गिअरबॉक्स मात्र भंगारांत देऊं नये. आंतून तेलानें माखून, तोंडें बंद करून, बोल्टांच्या पुरचुंडीसह लांकडी पेटींत ठेवावा व पेटीवर गाडीचा क्रमांक लिहावा. नातवास तो परत बसवावासा वाटला, तर तो तयार असावा.