डिस्ने वर्ल्डमधली तंबूची जागा : आरक्षणापासून दस्तरखानापर्यंत

आपल्या समाजातली, विशेषतः कोकणातली घराणी पिढ्यान्पिढ्या माणसे परदेशी पाठवत आली आहेत. पूर्वी आफ्रिका, मग आखात. आता अटलांटा, शिकागो, ह्यूस्टन ही नावेही घराघरांत रोजची झाली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जायचे ठरले की मुलांची पहिली मागणी डिस्ने वर्ल्डची असते आणि मोठ्यांचे प्रश्न दोन असतात : सगळ्यांनी मिळून राहायचे कुठे आणि खायचे काय?

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही आठ जण तिथे चार रात्री राहिलो. हॉटेलात नाही, तंबूत. आमचे धाकटे बंधू अटलांटात नोकरीला आहेत. अम्मींचे वय बहात्तर. दोन्ही मुले, सुना आणि नातवंडे एका दस्तरखानावर बसलेली त्यांनी सहा वर्षांत पाहिली नव्हती. म्हणून या सहलीत मुलांची हौस होती, पण त्याहून मोठी गरज सगळ्यांनी एकत्र राहण्याची होती. हॉटेलाच्या साध्या खोलीत चौघांची सोय असते. आठ जणांचे दोन तुकडे झाले असते आणि जेवण उपाहारगृहांच्या भरवशावर राहिले असते.

फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळचे डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. त्यानंतर सातच आठवड्यांनी, १९ नोव्हेंबरला, त्याच आवारात ‘फोर्ट विल्डरनेस’ हे तंबू आणि चाकांच्या घरांसाठीचे कॅम्पग्राउंड उघडले. बे लेक नावाच्या तलावाच्या काठी सुमारे ७५० एकर जंगलात ते पसरले आहे. लाकडी घरे वेगळी, पण तंबू वा गाडी लावण्याच्या जागाच सुमारे ८०० आहेत. एका जागेवर जास्तीत जास्त दहा माणसांना राहता येते. प्रत्येक जागेला पाण्याचा नळ, विजेची जोडणी, लाकडी टेबल-बाके आणि कोळशाची शेगडी असते. शौचालये, न्हाणीघरे आणि कपडे धुण्याची यंत्रे थोड्या अंतरावरच्या सामायिक इमारतीत असतात. तलावाच्या धक्क्यावरून मुख्य पार्कपर्यंत बोट जाते. तिचे वेगळे भाडे नाही.

ही जागा मिळवणे मात्र सोपे नाही. आरक्षण ४९९ दिवस आधीपर्यंत करता येते आणि अनेक अमेरिकन कुटुंबे दरवर्षी त्याच आठवड्यात येण्यासाठी पुढच्या वर्षाची तारीख उघडण्याची वाटच पाहत असतात. ऑक्टोबरअखेरचा हॅलोविन आणि नाताळ या दिवसांत लोक आपापल्या जागा सजवतात. त्या तारखा खुल्या होताच संपतात. मार्चमधली वसंताची सुट्टी आणि जोडून येणारे लांब शनिवार-रविवार यांचीही तीच गत.

आम्ही शाळेच्या सुट्टीला बांधलेले. मे महिना आणि जूनचा पूर्वार्ध सोडला तर आम्हाला मोकळीक नाही. बंधूंनी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे जवळपास अकरा महिने आधी, शोध सुरू केला. मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडे शहीद सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी असते. तिला जोडून एकही जागा नव्हती. मंगळवार २७ ते शनिवार ३१ मे पाहिले, तर पहिल्या तीन रात्री मिळत होत्या आणि शुक्रवारची रात्र भरलेली होती. बंधूंनी तीन रात्री लगेच घेतल्या. चौथीसाठी रोज फजरनंतर एकदा बघायचे असे ठरवले. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी आपले आरक्षण सोडले आणि शुक्रवारची रात्र मोकळी झाली. फोन करून ती पहिल्या आरक्षणाला जोडून घेतली.

जागा अशी मध्येच मोकळी का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आरक्षण करताना एका रात्रीचे भाडे अनामत द्यावे लागते. येण्याच्या तारखेपूर्वी ठरलेल्या मुदतीत, आमच्या वेळी पाच दिवस आधीपर्यंत, रद्द केले तर ती परत मिळते. त्यामुळे बरेच लोक जागा धरून ठेवतात आणि बेत बदलला की सोडतात. मुदत संपायच्या सुमारास, म्हणजे आठवडाभर आधी, सुटलेल्या जागा जास्त दिसतात. म्हणून ‘शिल्लक नाही’ असे दिसले तर आशा सोडू नये. सलग मुक्काम मिळत नसेल तर एकेक रात्र तपासावी, रविवार ते गुरुवार या रात्री आधी पाहाव्यात आणि पुन्हा पुन्हा पाहत राहावे.

अनामत परत मिळते, ही गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची. कारण इकडून जाणाऱ्यांपुढे आणखी एक रांग असते : व्हिसाची. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायलाच अनेक महिने लागू शकतात. अर्जाचे १८५ डॉलर व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. आमची आणि अम्मींची मुलाखत जानेवारीत झाली. तोवर जागा हातात होती, पण माणसे जातील की नाही हे ठाऊक नव्हते. अम्मी म्हणायच्या, “जगह मेरे बच्चों की है, बुलावा अल्लाह का.” व्हिसा नाकारला गेला असता तर अनामत परत घेऊन बंधूंनी जागा सोडली असती.

यातून क्रम असा ठरतो. आधी तंबूची जागा, मग व्हिसा, मग विमानाचे तिकीट आणि सर्वांत शेवटी पार्कची तिकिटे. पार्कची तिकिटे तारखेला बांधलेली असतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. हा क्रम उलटला तर नुकसानीची रक्कम मोठी होते.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, प्रकार. तंबूची साधी जागा सर्वांत स्वस्त. सांडपाण्याच्या जोडणीच्या आणि धक्क्याजवळच्या जागा महाग. तंबूवाल्यांना सांडपाण्याच्या जोडणीचा उपयोग नाही. मात्र साधी जागा शिल्लक नसेल आणि महागडी असेल, तर हिशेब करून तीही घ्यावी. दुसरी गोष्ट कुत्र्यांची. इथे पाळीव प्राणी आणता येतात, पण ठरावीक विभागांतच. आम्ही शाफई. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुण्याचा, त्यात एकदा मातीने, हुकूम आहे. मुसल्ला जमिनीवर अंथरायचा, मुले गवतात लोळणार. म्हणून प्राणी नसलेल्या विभागाची विनंती आम्ही आरक्षणावर नोंदवून घेतली. अशी विनंती मान्य होईलच याची हमी नसते, पण नोंदवल्याशिवाय मिळणारही नाही.

अटलांटा ते ऑर्लँडो रस्ता सुमारे ७०० किलोमीटरचा. जागेचा ताबा दुपारी एकनंतर मिळतो आणि शेवटच्या दिवशी सकाळी अकराला ती सोडावी लागते. आम्ही दोन तंबू लावले, एक बायका-मुलांचा, एक पुरुषांचा. परद्याचा प्रश्न उरला नाही. अम्मींची काळजी सगळ्यांना होती, पण त्या हजला मिनाच्या तंबूत राहून आलेल्या. विजेचा पंखा सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या की हा तर महाल आहे.

खाण्याचा प्रश्न शेगडीने सोडवला. हलाल मटण आणि कोंबडी अटलांटाहून गोठवून, बर्फाच्या पेटीत आणली होती. बर्फ आणि किरकोळ सामान आवारातल्या दुकानांत मिळते. शेगडी आधी कोणी कशासाठी वापरली असेल हे कळायला मार्ग नसतो. म्हणून घरची लोखंडी जाळी नेली, शेगडी घासून धुतली आणि आत अॅल्युमिनियमचा कागद अंथरला. भातासाठी विजेचा कुकर होता. संध्याकाळी आवारात मोठी शेकोटी पेटते, गाणी होतात आणि मुले काडीला मार्शमेलो लावून भाजतात. हा गोड पदार्थ जिलेटिनचा असतो आणि ते बहुधा डुकरापासून काढलेले असते. अमेरिकेतल्या हलाल दुकानांत गोवंशीय हलाल जिलेटिनचे मार्शमेलो मिळतात. आमच्या भावजयीने ते आणले होते, त्यामुळे मुलांना शेकोटीपासून दूर बसावे लागले नाही.

नमाजची सोय करणे जड गेले नाही. वुजू आपल्याच जागेच्या नळावर झाला. सामायिक न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये पाय धुवायला संकोच वाटतो, म्हणून सोबत लोटा हवाच. शौचालयांत पाण्याची सोय नसते, तिथेही तोच कामी येतो. किब्ल्याची दिशा मात्र सांगून ठेवण्यासारखी. आपल्याला पश्चिमेकडे तोंड करण्याची सवय; फ्लोरिडातून किब्ला ईशान्येला आहे. मेअखेर सूर्य जिथून उगवतो, त्याच्या किंचित डावीकडे. आम्ही सगळेच मुसाफिर होतो. येण्या-जाण्याचा दिवस सोडला तर मुक्काम तीनच दिवसांचा, त्यामुळे शाफई मसलकाप्रमाणे कसर होती आणि जोहर-असर, मगरिब-इशा एकत्र पढता आल्या. हनफी घरांनी कसरीची आपली मुदत पाहावी आणि नमाजा आपापल्या वेळीच अदा कराव्यात. तिथे त्या दिवसांत सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो. मुसाफिरावर जुमा फर्ज नसला तरी शुक्रवारी आम्ही ऑर्लँडोतल्या एका मशिदीत जाऊन आलो.

आता खर्चाचे. हा विषय टाळून चालणार नाही, कारण उधळपट्टीबद्दल आपल्याला स्पष्ट ताकीद आहे. तंबूची साधी जागाही रात्रीला शंभर डॉलरच्या वर जाते आणि गर्दीच्या दिवसांत त्याहून बरीच महाग होते. तरी आमच्या तारखांना दोन खोल्यांचे भाडे तिच्या तिपटीहून जास्त होते. खरा खर्च पार्कचा. दहा वर्षांपुढील प्रत्येकाला मोठ्यांचे तिकीट लागते, तेही एका दिवसाला शंभर डॉलरच्या वर. आम्ही ठरवून एकच दिवस पार्कला दिला. अम्मी गेल्या नाहीत, त्या दिवशी भावजय त्यांच्यासोबत तंबूवर राहिली. उरलेले दिवस आवारातच गेले. तलावात उतरायला मनाई आहे, काठावर मगरींचे इशाराफलक आहेत, पण पोहण्याचा तलाव वेगळा आहे. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून मुली त्यात उतरल्या. कोणी हरकत घेतली नाही. पार्कमध्ये गाडी ओढणारे घोडे ज्या तबेल्यात राहतात तो मुलांनी पाहिला. रात्री पार्कमधली आतषबाजी तलावाच्या काठावरून फुकट दिसली.

पाऊस विचारात घ्यायला हवा. उन्हाळ्यात तिथे दुपारी गडगडाटासह सरी येतात आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम धरला जातो. तंबूवर पाणी न झिरपणारे दुहेरी आच्छादन हवे आणि वीज कडाडू लागली की तंबूत न थांबता सरळ पक्क्या इमारतीत जावे.

शुक्रवारी रात्री, उशिरा मिळालेल्या त्या चौथ्या रात्री, बंधूंनी सीख कबाब भाजले. दस्तरखान दोन तंबूंच्या मध्ये अंथरला. अम्मींनी नेहमीप्रमाणे आधी लहानांची ताटे भरली, मग दोन्ही मुलांची. त्या काही बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावरही बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

पुढचा बेत आखणाऱ्यांना एक सूचना. आरक्षण वर्षभर आधी करायचे, पण आपले सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०२७ मध्ये बकरी ईद मेच्या मध्यावर येण्याची शक्यता आहे. ईद नातेवाइकांच्या गावी, मशिदीजवळ करायची असेल, तर तंबूच्या रात्री तिच्यापासून तीन-चार दिवस दूर ठेवा. तारीख पक्की करण्याआधी दोन्ही कॅलेंडर शेजारी मांडून पाहा.