भाड्याचा गाळा घेताना मूळ मालकाला गाठा

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा येथे भाड्याने दिलेले कित्येक गाळे असे आहेत की मालक दुबई-कुवेतला आणि भाडे वसूल करणारा दुसराच कोणी. भाडेकरू त्यालाच सेठ समजतो. असा गाळा विकत घ्यायचा तर आपले बांधव प्रथम या मुनीमाकडे जातात. आमच्या मते वाट उलटी हवी. गाळा विकला की त्याची वसुलीही गेली. म्हणून तो "सेठ विकत नाहीत" म्हणतो, नाहीतर दोघांना दोन भाव सांगतो. सगळेच असे नसतात, हेही खरे.

मालकाचे नाव प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर आणि दुय्यम निबंधकाकडील सूची 2 मध्ये पाहावे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.

मुनीम मुखत्यारपत्र दाखवील. ते शेवटपर्यंत वाचावे. भाडे वसूल करण्याचा अधिकार म्हणजे विकण्याचा अधिकार नव्हे. परदेशात केलेले असेल तर तेथील नोटरी वा भारतीय वकिलातीने ते प्रमाणित केलेले हवे आणि येथे आल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले हवे. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. खरेदीखत नोंदवावेच लागते. मालकाचा इंतकाल झाला असेल तर साधे मुखत्यारपत्र संपले. मग सर्व वारसांच्या सह्या लागतात, बहिणींच्यासुद्धा. "बहिणींनी हक्क सोडला" हे तोंडी मानू नये, नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. शरीअतने दिलेला हिस्सा बुडवून घेतलेल्या गाळ्यात बरकत कसली?

आता भाडेकरू. खरेदी झाली म्हणून तो निघत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असेल तर तेही गाळ्याबरोबर येते. प्रत्येकाला स्वतः भेटावे, पावती पाहावी, डिपॉझिट किती व कोणाकडे दिले ते विचारावे. मुनीमाची वही आणि भाडेकरूची पावती यांत फरक हमखास निघतो. डिपॉझिटची रक्कम किमतीतून वळती करावी. मागील थकबाकी खतात लिहून घेतली नाही तर ती जुन्या मालकाचीच राहते. खरेदीनंतर भाडेकरूंना लेखी कळवावे. तोवर त्यांनी जुन्या मालकाला दिलेले भाडे आपल्याला पुन्हा मागता येत नाही.

गाळा मुनीमानेच दाखवला असेल तर ठरलेली दलाली त्याला द्यावी. त्याला डावलून मालकाकडे जाणे आम्हाला पसंत नाही.

रोख 20 हजार वा अधिक बयाणा देऊ नये. मालक परदेशवासी असेल तर 50 लाखांपुढे 1 टक्का कापण्याचा नियम त्याला लागू नाही. कर कापण्याचा दर वेगळा व बराच जास्त असतो आणि तो 50 लाखांच्या आतही कापावा लागतो.