पालीचं पार्सल

मिनेसोटात राहून पाली विकायच्या म्हटलं की पहिला प्रश्न थंडीचाच येतो. जानेवारीत इथे उणे २० अंश ही काही बातमी नसते, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण मुलाने तळघरात वाढवलेले गेको खोक्यात भरून पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडल्यापासून मला खरी धास्ती असते ती उबेची.

आमच्याकडचे क्रेस्टेड गेको मूळचे न्यू कॅलेडोनियाचे. नामशेष झाले असं धरून चालले होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडले आणि आता अमेरिकेतल्या कितीतरी घरांत पाळले जातात. (माझ्या सासूबाई त्यांना सरळ पाल म्हणतात आणि तळघराची पायरी उतरत नाहीत.) २२ ते २६ अंशांत हा प्राणी खुशीत असतो. २८ च्या वर फार वेळ राहिला की हैराण होतो आणि तिशी ओलांडली की जिवावर बेततं. बॉल पायथनला मात्र तीस अंश अगदी मानवतात. म्हणून 'सरपटणाऱ्यांचं खोकं' असं सरसकट काही नसतं.

नवशिके लोक थर्माकोलच्या जाड खोक्यावर भिस्त ठेवतात. तुम्ही-आम्ही पांघरूण घेतो तेव्हा आपल्याच अंगाची ऊब आत अडकते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगात अशी ऊब जवळजवळ तयारच होत नाही. दगडाला स्वेटर घातला म्हणून दगड काही गरम होत नाही. थर्माकोल फक्त वेळ काढून देतो. बाहेरची थंडी किंवा उष्मा आत पोचायला उशीर लावतो, एवढंच.

थोडा गारठा हे प्राणी सोसतात. १५ अंशांत गेको सुस्तावतो, श्वास मंदावतो, प्राणवायूही कमी लागतो. हळूहळू ऊब मिळाली की पुन्हा हलू लागतो. गोठणबिंदूच्या जवळ गेलं तर अर्थात खेळ संपला. उष्म्याचं गणित उलटं आहे. तापमान चढलं की शरीराचा सगळा कारभार वेगाने चालतो, प्राणवायू जास्त लागतो, अंगातलं पाणी उडतं, आणि बंद डब्यात सावली शोधायला जागा नसते.

म्हणून हीट पॅक हे माझ्या मते खोक्यातलं सगळ्यात धोक्याचं सामान. त्या पुडीत लोखंडाची भुकटी, कोळसा, मीठ आणि ओलावा असतो. पाकीट फोडलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून उष्णता निघते. काही पुड्या ४० तास चालतात, काही ७२. पुडीचा पृष्ठभाग चाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे ती प्राण्याच्या डब्याला टेकवायची नाही. खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवायची आणि मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. खोक्याला छिद्रंही हवीत. नसली तर पुडी आतला ऑक्सिजन खाते आणि मग स्वतःही थंड पडते.

बाहेर १५ अंश असताना, पुडी लावून आणि आत नुसता थर्मामीटर ठेवून बंद केलेल्या रिकाम्या खोक्यात आकडा तिशीपार गेलेला मी पाहिलाय. तो गेकोसाठी मृत्युदंडच. 'ताई, एक जास्तीची पुडी टाका ना' असा प्रेमळ आग्रह करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते.

बाकी बांधणी सोपी. गेको छिद्रं पाडलेल्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत ओलसर पेपर टॉवेल. आत घट्ट बसेल पण दबणार नाही, इतपत. घाबरला तर तो शेपूट टाकतो आणि क्रेस्टेड गेकोची शेपूट पुन्हा उगवत नाही. साप कापडी पिशवीत. पाण्याची वाटी कधीच नाही. सापाला आधीचे काही दिवस उपाशी ठेवतात, कारण पोटात उंदीर असताना हादरे आणि गारठा सोसावा लागला तर तो ओकून टाकतो.

आता प्रवास. अमेरिकेचं टपालखातं छोटे निरुपद्रवी सरडे-पाली घेतं, साप आणि कासवं घेत नाही. बहुतेक विक्रेते रातोरात पोचवणारी कुरिअर सेवा घेतात. फेडेक्स १९७३ पासून मेम्फिसहून चालते आणि असंख्य पार्सलं मध्यरात्री तिथेच एका विमानातून दुसऱ्यात जातात. म्हणजे मिनिअ‍ॅपोलिसहून फिनिक्सला निघालेल्या गेकोला एका रात्रीत तीन गावांची हवा लागते. लोक दोन गावांचं हवामान बघतात, मी मेम्फिसचंही बघते. तिन्हींपैकी कुठेही ४ अंशांच्या खाली किंवा ३२ च्या वर जाणार असेल तर पार्सल थांबतं. शुक्रवारी तर कधीच पाठवत नाही, शनिवार-रविवार गोदामात गेला तर कुठलाच पॅक पुरत नाही. उन्हाळ्यात २२ अंशांच्या आसपास वितळणाऱ्या पदार्थाच्या थैल्या वापरते. वितळताना त्या उष्णता शोषून घेतात. बर्फाची थैली लावली तर ती जवळच्या प्राण्याला गारठवते.

पुण्याची भाचरं विचारतात, आम्हाला एक पाठव ना! नाही पाठवता येत. परदेशी प्राणी भारतात आणायला परवाने लागतात, आणि घोरपड, अजगर, स्टार कासव हे आपलेच प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात पाळता येत नाहीत. बँकॉकहून आलेल्या सामानात साप-सरडे सापडल्याच्या मुंबई विमानतळावरच्या बातम्या वाचते तेव्हा माझं लक्ष आधी जातं ते ते कशात भरले होते याकडे. बॅगेत कोंबणाऱ्याने कुठली हवा बघितली असणार!

गिऱ्हाइकाशी माझं भांडण होतं ते शेवटच्या टप्प्यावर. दाराशी आलेलं खोकं उन्हात पडू नये म्हणून मी पार्सल कुरिअरच्या काउंटरवरच ठेवायला सांगते आणि सकाळीच जाऊन आणा म्हणते. उघडल्यावर दिव्याखाली धरू नका, खोलीच्या हवेत आपोआप येऊ द्या, दोन-तीन दिवस खायला घालू नका. जिवंत पोचण्याची हमी आम्ही देतो, पण ती सकाळीच पार्सल नेणाऱ्यालाच. 'ऑफिस सुटल्यावर गेलो' म्हणणाऱ्याला पैसे परत मिळत नाहीत. मुलाला हे कठोर वाटतं. वाटू दे.