अळिंबीच्या गादीवर बुरशीनाशक

उत्तर स्पेनमध्ये ला रिओहा नावाचा एक चिमुकला प्रांत आहे. एब्रो नदीच्या खोऱ्यात वसलेला, आणि जगभर वाईनसाठी ओळखला जाणारा. नजर जाईल तिथे द्राक्षवेली. पण याच प्रांतात आउतोल आणि प्रादेहोन अशी गावं आहेत, जिथलं पीक उन्हात नाही, अंधाऱ्या ओलसर खोल्यांमध्ये निघतं. ते म्हणजे बटन अळिंबी.

आता हा शेजार बघा. अळिंबी म्हणजे बुरशीच. एका घरची चूल बुरशीवर पेटते आणि शेजारच्या घरची झोप बुरशीमुळेच उडते, कारण द्राक्षाला भुरी आणि केवडा हे दोन रोग पाचवीला पुजलेले. (केवड्याला शास्त्रज्ञ आता खऱ्या बुरशीत धरत नाहीत, तो तपकिरी शेवाळांचा लांबचा भाऊबंद निघाला. पण बागेत त्याच्यावर मारायच्या औषधाला बुरशीनाशकच म्हणतात.)

अळिंबी उगवते कशावर? गव्हाचं काड, कोंबडीखत आणि जिप्सम एकत्र कुजवून तयार केलेल्या गादीवर. पीक काढून झालं की ती गादी उरते, आणि उरते म्हणजे किती, तर एक किलो अळिंबीमागे साधारण पाच किलो! एवढ्या ढिगाचं करायचं काय? शेजारी हजारो एकर द्राक्षबागा, आणि तिथली माती सेंद्रिय कर्बाच्या बाबतीत दरिद्री. उत्तर समोरच होतं. ढीग उचलायचा आणि बागेत पसरायचा.

म्हणजे ज्या जमिनीवर बुरशी मारण्याच्या औषधाचे थेंब पडतात, तिथेच बुरशीचं जुनं अंथरूण आलं. आता या दोघांचं मातीत काय होतं?

आधी थेंबाच्या मागे जाऊ. फवारणी पानांसाठी असते, पण सगळा फवारा पानांवर थोडाच थांबतो? काही थेंब सरींमध्ये पडतात, काही पावसाने धुऊन खाली येतात. त्या थेंबातल्या औषधांचे स्वभावही निरनिराळे. केवड्यावरचं मेटॅलॅक्झिल पाण्याचं लाडकं, एक लिटर पाण्यात त्याचे आठ ग्रॅमहून जास्त विरघळतात. भुरीवरचं पेनकोनॅझोल तेवढ्याच पाण्यात जेमतेम ७३ मिलिग्रॅम विरघळतं. फरक शंभर पटींहून अधिक! पहिलं पाण्याचा हात धरून खाली पळायला उत्सुक, दुसरं पाण्यातून कधी एकदा बाहेर पडतो म्हणणारं.

बाहेर पडून जायचं कुठे? इथे सेंद्रिय कर्ब पुढे येतो.

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडल्यावर काय होतं ते आठवा. मिठाचं पाणी सांडलं तर एका धुण्यात निघतं. हळद? साबण लावला की लालभडक होते, पण जागा सोडत नाही. हळदीच्या रेणूला पाण्यापेक्षा कापसाचा धागा जवळचा वाटतो. मातीतही हेच घडतं. कुजलेल्या काडाच्या कणाकणात असे कोपरे असतात, जिथे पाण्याचा शिरकाव कमी आणि तेलकट स्वभावाच्या रेणूला बसायला ऐसपैस जागा. पेनकोनॅझोलचा रेणू तिथे पोहोचला की हळदीसारखा चिकटतो. मेटॅलॅक्झिलही थोडंफार अडकतं, पण त्याची पकड सैल असते.

एका अर्थी ही मोठी कमाई आहे. उघड्याबोडक्या मातीत पावसाबरोबर जे औषध खोल झिरपून विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकलं असतं, ते वरच्या थरात धरून ठेवलं गेलं. लोकांनी टाकून दिलेल्या गादीने भूजलावर गाळणी बसवली!

पण थांबा. औषध धरून ठेवलं म्हणजे संपवलं का?

मातीत औषध संपवण्याचं मोठं काम करतात ते सूक्ष्मजीव. चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि त्यातल्या काहींना ही माणसाने प्रयोगशाळेत घडवलेली, निसर्गाने कधी न पाहिलेली रसायनंही तोडता येतात. मला तर या सगळ्या विषयातलं हेच सर्वात थक्क करणारं वाटतं. पण जिवाणूचं काम चालतं मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पातळ थरात. रेणू त्या पाण्यात आला तरच तो तोंडी लागणार. कोपऱ्यात चिकटून बसलेला रेणू म्हणजे घट्ट झाकणाच्या बरणीतला लाडू. दिसतो, पण खाता येत नाही. जी पकड औषधाला विहिरीपासून वाचवते, तीच त्याला जिवाणूंपासूनही वाचवते!

शिवाय अळिंबीची गादी स्वतःच खाद्य आहे. ताटात पंचपक्वान्नं वाढलेली असताना कारल्याच्या कडू फोडीला हात कोण लावेल? पण उलटंही होऊ शकतं. भरपूर खायला मिळालं की जिवाणूंची पंगत वाढते, आणि एवढ्या तोंडांमध्ये कारल्याचीही फोड जाता जाता संपते. मग खरं काय होतं, औषध जास्त दिवस टिकतं की लवकर जातं?

स्पेनमधल्याच सलामांका शहरातल्या नैसर्गिक संसाधनं आणि कृषी-जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी द्राक्षबागेच्या मातीत हे तपासलं. चार बुरशीनाशकं घेतली: मेटॅलॅक्झिल, पेनकोनॅझोल, पायरिमेथॅनिल आणि इप्रोव्हॅलिकार्ब. माती एक, पण तीन रूपांत: नुसती, अळिंबीची ताजी गादी घातलेली, आणि पुन्हा कुजवलेली गादी घातलेली. कुजवलेल्या गादीने चारही औषधांचं विघटन मंदावलं. ताज्या गादीने मात्र दोनच औषधांचं, पेनकोनॅझोल आणि इप्रोव्हॅलिकार्ब यांचं.

बघा, मूळ माल एकाच जातीचा. एक ताजा, दुसरा जास्त कुजवलेला, आणि मातीतल्या औषधाचं भविष्य बदललं!

याचं कारण शोधायचं तर उकिरड्याच्या बुडाशी जाऊन उभं राहायचं. ताज्या खतातून चहासारखं तपकिरी पाणी पाझरताना दिसतं. ते पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. ते जिवाणूंचं झटपट खाणं आहेत, आणि औषधाच्या रेणूला आपल्याबरोबर पाण्यात ठेवणारं वाहनही. म्हणून ताज्या खतात पाणीप्रिय रेणू जिवाणूंच्या हाताशी राहू शकतो. (हेच वाहन जोराच्या पावसात त्याला खालीही घेऊन जाऊ शकतं, हे विसरायला नको.) नीट कुजलेल्या खतात सहज पचणारा भाग आधीच खाऊन झालेला असतो. उरतो तो चिवट, गडद, घट्ट पकडीचा भाग.

म्हणून 'सेंद्रिय खत घातलं की औषध लवकर निघून जातं' किंवा 'जास्त टिकतं' असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आधी दोन प्रश्न विचारीन: कोणतं औषध? आणि खत किती कुजलेलं?

जिवाणूंची चोखंदळ निवड तर आणखी पुढे जाते. मेटॅलॅक्झिलचा रेणू दोन रूपांत असतो, आपल्या डाव्या-उजव्या हातासारख्या, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. केवड्याला मारतं ते मुख्यतः त्यातलं एकच. प्रयोगशाळेत दोन्ही हात एकाच वजनाचे भरतात, पण मातीला फरक कळतो! फार आम्ल नसलेल्या मातीत जिवाणू सहसा केवड्याला मारणारं रूप आधी संपवतात, आणि अतिआम्ल मातीत दुसरं. मातीचा सामू बदलला की हात बदलतो.

नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यातली नावं नवी नाहीत. मेटॅलॅक्झिल त्याच्याही फवारणीच्या वेळापत्रकात असतं, आणि खरड छाटणीच्या सुमारास बोदात शेणखत, कंपोस्ट जातंच. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चिकणमातीही रेणू धरायला येते, त्यामुळे रिओहाचं गणित जसंच्या तसं उचलून इथे मांडता येणार नाही. पण शेणखताची गाडी रिकामी होताना मी आता एक गोष्ट आवर्जून करतो: मूठभर उचलून हातात चुरतो. काडीचे तुकडे ओळखू येतात का, वास उग्र आहे की पावसाळी मातीचा? मातीतल्या औषधाचं पुढे काय होणार, याची निम्मी गोष्ट त्या मुठीत असते.

आता शेवटचं कोडं. चिकटलेला रेणू मोजायचा कसा? संशोधक औषधाच्या रेणूतल्या काही कार्बन अणूंच्या जागी किरणोत्सारी कार्बन-१४ बसवतात, म्हणजे गर्दीतल्या पोराला लाल टोपी घालावी तसं. माती बंद बरणीत ठेवतात आणि आत अल्कलीची छोटी कुपी. जिवाणूंनी औषध पूर्ण खाल्लं की त्याचा कार्बन श्वासातून कर्बवायू होऊन बाहेर येतो आणि कुपीत अडकतो. कुपीत सापडलेल्या टोप्या म्हणजे संपलेलं औषध. मग उरलेली माती द्रावणांनी धुतात, वारंवार, कसून. काही टोप्या त्यात निघून येतात.

आणि काही येतच नाहीत. त्या रेणूंचे तुकडे मातीत असे गुंतलेले असतात की औषध कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, ते धुऊन वेगळं करता येत नाही. मग एकच उपाय उरतो. ती माती जाळायची, तिचा वायू एका खास द्रावणात धरायचा आणि यंत्राच्या काळोखात ठेवायचा. कार्बन-१४ चा एकेक अणू क्षय पावतो तेव्हा त्या द्रावणात प्रकाशाचा एक इवलासा ठिपका चमकतो, आणि यंत्र ते ठिपके मोजत बसतं.