वऱ्हाडाच्या गाडीतलं बिऱ्हाड

लग्नाची वऱ्हाडं वाहून, तुळजापूर-पंढरपूर-शिर्डीच्या फेऱ्या मारून थकलेली जुनी ट्रॅव्हलर शेवटी कुठे जाते? आपल्याकडे तिच्यापुढे सहसा तीन वाटा असतात. एखादा हौशी मालक ती स्वस्तात घेतो, नाहीतर भंगारवाला वजनावर नेतो, नाहीतर गॅरेजच्या मागच्या बाभळीखाली ती टायर बसवून उभी राहते. गेल्या काही वर्षांत चौथी वाट निघाली आहे. सीट काढायच्या आणि आत पलंग, ओटा, पाणी, पंखा बसवून तिचं छोटं मोटरहोम करायचं. समाजमाध्यमांवर अशा गाड्यांची चकचकीत चित्रं बघून बीड-अंबाजोगाईकडची तरुण मंडळीही ‘मिस्त्रीला विचारू का?’ म्हणायला लागली आहेत. माझं म्हणणं एवढंच की मिस्त्रीला सगळ्यात शेवटी विचारावं. ही सजावट नव्हे. आधी हिशोब बसवायचा तो उन्हाचा आणि वजनाचा.

आपल्या रस्त्यावरच्या या गाडीला फिरत्या घराचं रक्त मुळातच आहे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने (आताची फोर्स मोटर्स) 1987 साली ट्रॅव्हलर आणली ती मर्सिडीज-बेंझच्या टी-वन या व्हॅनवरून. जर्मनीत या टी-वनचं उत्पादन 1977 ते 1995 चाललं, आणि वेस्टफालिया कंपनीने त्याच गाडीवर ‘जेम्स कुक’ नावाची मोटरहोम बांधली. म्हणजे तिकडे जिच्यात कुटुंबं सुट्टी घालवत होती, तिचीच बहीण इकडे नवरदेवाच्या मामा-मावश्यांना घेऊन गेवराईहून माजलगावला जात होती. बांधणी चौकोनी, छत उंच, पुढचा भाग मजबूत. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. जुनी गाडी घ्यायची तर ही शेवटची गोष्ट रंगापेक्षा मोलाची.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी आरटीओ. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. मागच्या सीट काढल्या की आसनक्षमता बदलली, आणि आसनक्षमता आरसी बुकात लिहिलेली असते. त्यात वऱ्हाडाची गाडी बहुतेक वेळा पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक. तिला खासगी करून घेणं हे वेगळं काम. वाहन नोंदणीत मोटर कॅराव्हॅन आणि कॅम्पर व्हॅन असे वर्ग आहेत, आणि कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. तेव्हा बीडच्या (एमएच 23) किंवा अंबाजोगाईच्या (एमएच 44) कार्यालयात आधी कागदावर आराखडा दाखवावा, परवानगीचं उत्तर लेखी घ्यावं आणि विमा कंपनीलाही कळवावं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल, तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हाही खर्च धरून ठेवावा. राज्याने 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, पण त्याचा रोख पर्यटन व्यवसायावर आणि कॅराव्हॅन पार्कवर आहे. घरच्या गाडीची फाइल त्या धोरणाने पुढे सरकत नाही.

कागद झाले की गाडी नागडी करायची. सीट, आतलं रेक्झिन, छताचं कापड, जमिनीवरचं रबर, सगळं बाहेर. जुन्या गाडीचं खरं वय रबराखाली दडलेलं असतं. दाराची पायरी, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेच्या खालची शिवण आणि छताची पन्हाळ या चार ठिकाणी गंज हमखास सापडतो. वायर ब्रश मारून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, भोक पडलं असेल तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा, मग प्रायमर. गंजावर पुट्टी फासून वर रंग देणारे कारागीर कमी नाहीत. त्यांचं काम पहिल्या पावसाळ्यापर्यंत सुंदर दिसतं. नंतर पाण्याची परीक्षा. एकाने बाहेरून छतावर पाइपने अर्धा तास पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. मराठवाड्यात पाऊस कमी म्हणून ही परीक्षा टाळू नये. काचेच्या रबर बीडिंगमधून गेलेलं थेंबभर पाणी प्लायच्या मागे महिनोन् महिने राहतं.

आता ऊन. बीडचा मे महिना बेचाळीसच्या वर जातो, आणि त्या उन्हात उभ्या गाडीचा टप हात लावू देत नाही. म्हणून आतल्या कामातला सगळ्यात मोठा खर्च डोळ्यांना न दिसणाऱ्या थरावर करावा लागतो. टप पांढरा रंगवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आवडता गडद निळा रंग बाजूंच्या पत्र्याला द्यावा. आतून पत्र्याला चिकटवायला एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबराचा फोम चांगला. त्याची छिद्रं बंद असतात, त्यामुळे तो ओल शोषत नाही आणि वळणावर नीट बसतो. थर्माकोल गचक्यांनी झिजून किरकिरतो आणि पेट घेतो. काचलोकर ओल धरते, शिवाय खाज. चंदेरी बुडबुड्यांची शीट बरेच जण पत्र्याला थेट चिकटवतात. तिच्यापुढे हवेची पोकळी नसेल तर तिची चमक काहीच कामाची नाही. उष्णता सरळ पत्र्यातून तिच्यात उतरते. छताला हा थर जाड द्यावा, बाजूंना पातळ चालतो, कारण दुपारचं ऊन डोक्यावर पडतं. आणि टपात एक बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. गरम हवा वर साचते, तिला तिथूनच वाट द्यायची. डिसेंबरात धारूरकडच्या डोंगरात मुक्काम केला तर याच पंख्याचा उलटा उपयोग कळतो: बंद गाडीत दोन माणसांच्या श्वासाने पहाटे पत्र्याला दव धरतं, आणि ते पाणी पुन्हा त्याच शिवणींत उतरतं.

वजनाच्या बाबतीत घराची सवय गाडीला मारते. आपला सुतार कपाट म्हटलं की अठरा मिलिमीटरचं प्लाय घेतो. आठ बाय चार फुटांचं असं एक पान पस्तीस किलोच्या आसपास भरतं, वर सनमायका वेगळा. सात-आठ पानं लागली की अडीचशे किलो गेले, अजून माणूस चढलेला नाही. कपाटांच्या दारांना सहा मिलिमीटर आणि सांगाड्याला नऊ किंवा बारा पुरतं. जमिनीला मात्र आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं, कडा रंगाने बंद कराव्यात आणि वर व्हिनाइलची शीट टाकावी. एका गृहस्थाने ओट्यावर ग्रॅनाइट बसवायची इच्छा माझ्याजवळ बोलून दाखवली होती. मी त्यांना वजनकाट्याचा पत्ता दिला. आपल्या जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. जिनिंगवर आहे, साखर कारखान्यावर आहे, भंगारवाल्याकडेही आहे. सीट काढल्यावर एकदा, काम संपल्यावर दुसऱ्यांदा आणि सामान-पाणी-माणसं भरून तिसऱ्यांदा गाडी काट्यावर चढवावी आणि आकडा आरसीतल्या एकूण वजनाशी ताडून बघावा. पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं चढवून बघितलं तर आणखी उत्तम. सगळं जड सामान मागच्या ॲक्सलच्याही मागे गेलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात नाचतं.

काय न्यायचं आणि काय नाही, हे शिकायला जर्मनीला जायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला याच जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकमध्ये पाच-सहा महिन्यांचा संसार चढतो: पत्र्याची पेटी, ताडपत्री, जर्मनची भांडी, पाण्याचा ड्रम, धान्य, गोधड्या. त्यात रोज हाताला न लागणारी वस्तू नसते. हौसेच्या मोटरहोमची त्या बिऱ्हाडाशी बरोबरी करणं बरं नव्हे. तिथे उचल घेतलेली असते, पोरांची शाळा सुटलेली असते, आणि फडात पोचल्यावर निवारा म्हणजे पाचटाची कोपी. पण सामान निवडण्याची अक्कल घ्यायची तर तिथूनच घ्यावी.

विजेचा हिशोब कागदावर केला की निम्म्या इच्छा आपोआप गळतात. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला पाचशे-सहाशे वॅट-तास खातो. दोन डीसी पंखे, दिवे, मोबाइल मिळून आणखी तीनशे-चारशे. टपावरचं दोनशे वॅटचं सौर पॅनेल आपल्या स्वच्छ उन्हात साधारण आठशे ते हजार वॅट-तास देतं. म्हणजे जमतं, पण जेमतेम. एक टनाचा एसी तासाभरात तेवढी वीज पिऊन टाकतो, म्हणून एसी हवा असेल तर लॉजच्या अंगणात वायर जोडूनच लावायचा. बॅटरी घेताना किमतीबरोबर वजनही विचारावं. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते आणि तिची निम्मीच ताकद रोज वापरावी. शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोत तेवढंच काम करते. बारा व्होल्टवर करंट मोठा वाहतो; पाचशे वॅटच्या वस्तूला चाळीस अँपिअरहून जास्त लागतात. त्यामुळे केबल जाड हवी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, आणि पत्र्याच्या भोकातून वायर काढताना रबरी ग्रोमेट हवंच. गचक्यांनी पत्र्याची कड वायरीचं कातडं कापते. गाडीला आग लागते ती बहुधा अशाच एखाद्या दोन रुपयांच्या बचतीमुळे. दोन किलोचं अग्निशामक दाराजवळ टांगावं, पलंगाखाली नाही.

पाण्याला परदेशी पुस्तकं शंभर लिटरची टाकी सांगतात. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते वळणावर हेलकावे खातं. बीडसारख्या टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात याहून सोपा उपाय गल्लोगल्ली उभा आहे: वीस लिटरचा जार. ओट्याखाली दोन जार पट्ट्याने आवळून बसवायचे, एकात बारा व्होल्टचा छोटा पंप सोडायचा, संपला की बदलायचा. टाकी धुण्याची कटकट नाही. सांडपाण्यालाही तेवढाच एक कॅन ठेवावा. कपिलधार किंवा सौताड्याच्या धबधब्याशी भांडी घासून फेस सोडणाऱ्यांची संख्या आपण वाढवू नये. शौचालयाचा विषय निघाला की पुरुष हसतात आणि बायका गप्प होतात. माझ्या मते ओट्याच्या आधी कॅसेट टॉयलेटची जागा आखावी. पुण्यात 2016पासून जुन्या बसगाड्या आतून बदलून बायकांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी राहिली. नळ, वीज, स्वच्छता हे सगळं थकलेल्या बसमध्ये बसवता येतं हे त्यांनी दाखवून दिलं आहे. आपल्याला तर दोन फूट बाय दोन फुटांचा कोपराच काढायचा आहे.

स्वयंपाक मात्र बाहेर. बंद गाडीत मिरच्या भाजून ठेचा केला की काय होतं ते एकदा करून बघितलेला माणूस दुसऱ्यांदा करत नाही. मागचं दार उघडल्यावर बाहेर सरकणारी फळी, तिच्यावर शेगडी, वर दाराचीच सावली. भाकरी थापायलाही तिथेच ऐसपैस. पाच किलोचा छोटा सिलिंडर ठेवायचा तर बंद खणात, आणि त्या खणाच्या तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरच्या खिडकीने तो जात नाही.

पलंगाचं माप स्वतः आडवं होऊन घ्यावं. गाडीच्या रुंदीत आडवं झोपणं जमलं तर चार फुटांत दोघांची सोय होते. उंच माणसाला लांबीतच झोपावं लागतं आणि मग कपाटं कमी होतात. प्लायची सलग फळी न घालता पट्ट्यांचा पलंग करावा, वर काथ्याची गादी आणि त्यावर गोधडी. जाड फोमवर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाठ भाजते. चालत्या गाडीत बसायच्या सीट मात्र कंपनीच्या मूळ जागीच, पट्ट्यासकट ठेवाव्यात. पलंगावर लोळत प्रवास करणं चित्रात छान दिसतं, अचानक ब्रेक लागल्यावर नाही.

सगळं बसलं की पाहुण्यांना दाखवण्याआधी गाडी धारूरच्या घाटात न्यावी. तिथले चढ आणि वळणं कोणत्याही मिस्त्रीपेक्षा खरं बोलतात. कुठलं दार उघडतं, कुठली भांडी खणखणतात, कुठे लाकूड पत्र्याला घासून कुरकुरतं, हे मागे बसलेल्याने वहीत लिहून घ्यावं. खिळे आणि साधे स्क्रू सैल झालेले असतील. त्यांच्या जागी गाडीच्या फासळ्यांत बोल्ट आणि नायलॉक नट, मध्ये रबराची चकती, दारांना दाबून उघडणारी कुलुपं. परत आल्यावर पुन्हा आवळायचं, पुन्हा घाट. दुसऱ्या फेरीत गाडी गप्प राहिली तरच पडद्याचं कापड शिंप्याकडे टाकावं.